पान चारवरचा खुलासा

डॅन्यूब नदीकाठच्या आमच्या लोम शहरात छापलेलं खरं किती आणि खोटं किती हे ठरवायचं काम पर्वनदादाकडे होतं. नेमणूक कुणी केली नव्हती, पगार कुणी देत नव्हतं. रोज सकाळी सातला तो बसस्टँडवरच्या माझ्या पेपरच्या टपरीशी यायचा, नाकावर चष्मा आणि हातात तांबडी पेन्सिल. असतील तेवढे पेपर उभ्या उभ्या वाचायचा आणि विकत एकच घ्यायचा. दुसऱ्या कुणाला मी असं करू दिलं नसतं, हात उगारला असता. पण तो वाचायला लागला की माणसं जमायची, आणि जमलेली माणसं पेपर घ्यायची. त्यामुळे मी त्याला प्लास्टिकच्या पेल्यातली कॉफीसुद्धा द्यायची, वर साखर जास्त.

सव्वीस वर्षं तो जिल्ह्याच्या पेपरच्या छापखान्यात मुद्रितशोधक होता. म्हणजे छापून यायच्या आधी शहरातली प्रत्येक थाप त्याच्या नजरेखालून गेलेली. एका पक्षाचं राज्य, एकच पेपर, आणि त्यात सगळं कसं झकास चाललेलं. दादा म्हणायचा, "स्तानके, पहिलं पान वाचूच नये. ते वरून आलेलं भाषण. चौथं पान उघडायचं. खाली, डाव्या कोपऱ्यात, बारीक टाइपात काय नाकारलंय ते बघायचं. वरच्यांना ज्याची भीती वाटते ते तिथे असतं."

आणि ते खरं निघायचं हो! 'तेलाचा पुरवठा सुरळीत आहे' असं पान चारवर आलं की दादा आम्हाला सांगायचा, आणि आम्ही बाया पिशव्या घेऊन धावायचो. आठवड्याभरात दुकानातून तेल गायब. 'भाव वाढणार नाहीत' आलं की भाव वाढायचे. मग आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो, घरी डब्यात माल भरलेला असायचा.

शहाऐंशीच्या मे महिन्यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी दादा टपरीवर आला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होता. त्याने पेपर नुसता माझ्यापुढे ठेवला. पान चार, खाली, चार ओळी: लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये, हवा नेहमीसारखी आहे, पालेभाज्या बाजारात उपलब्ध आहेत. मी म्हटलं, "मग? पालेभाज्या तर आहेतच की." दादा म्हणाला, "पालेभाज्या उपलब्ध आहेत हे सांगायची वेळ यावी असं काय झालंय, विचार कर. पोरीला लेट्यूस देऊ नकोस. दूध देऊ नकोस. बाहेर खेळायला सोडू नकोस."

माझी पोर तीन वर्षांची होती. माझ्या आईने गावाहून टोपलीभर कोवळी कांद्याची पात, लेट्यूस पाठवलं होतं, ते मी उचलून उकिरड्यावर टाकलं. आई चार महिने माझ्याशी बोलली नाही. चेर्नोबिल हे नाव आम्ही ऐकलं ते नंतर. पण आमच्या गल्लीतल्या अकरा पोरांनी तेवढे दिवस पाला खाल्ला नाही, तो दादामुळे. त्या दिवसापासून दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी तर त्याच्यासाठी देवळात मेणबत्ती लावायची, खोटं कशाला सांगू.

पुढे ते राज्य गेलं. छापखाना विकला गेला, दादा पेन्शनीत निघाला आणि माझ्या टपरीत एका पेपरच्या जागी नऊ पेपर लटकू लागले. लालांचा, म्हणजे जुन्याच पक्षाचा, एक, निळ्यांचे, म्हणजे त्यांच्या विरोधकांचे, दोन, बाकीचे ज्याचा पैसा त्याचे. दादाने छातीवर निळा बिल्ला लावला, मोर्चात गेला, घसा बसेपर्यंत ओरडला. कुणी म्हटलं की दादा, तू आता एका बाजूचा झालास, तर तो भडकायचा. "मी? मी नऊच्या नऊ पेपर वाचतो! माझ्याइतका तटस्थ माणूस अख्ख्या लोममध्ये दाखवा!" आणि वाचायची रीत तीच, पान चार, खुलासे, नाकारलेलं. एक तोंड खोटं बोलत होतं तेव्हा ते उलटं केलं की खरं निघत होतं. आता नऊ तोंडं होती, पण हे ना त्याच्या डोक्यात आलं ना आमच्या. माझ्या तर मुळीच नाही. मी पेपर विकत होते, आणि खप वाढला होता.

नव्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये नगराध्यक्षाची निवडणूक होती. गल्लोगल्ली मिरच्या भाजत होत्या, हिवाळ्याची बेगमी चाललेली, सगळ्यांचे डोळे धुराने चुरचुरत होते. निळ्यांचा एक उमेदवार, लालांचा एक, आणि अपक्ष म्हणून उभे राहिले डॉक्टर रांगेल, गुराढोरांचे डॉक्टर. आजूबाजूच्या वीस खेड्यांतली प्रत्येक गाय त्यांना ओळखायची. शांत माणूस, बोलायला जरा अडखळायचे. निवडून येतील अशी हवा होती, आणि मतं फुटणार होती ती निळ्यांची.

मतदानाला नऊ दिवस असताना 'डॅन्यूबचा आवाज' या निळ्यांच्या पेपरात एक सदर आलं. लेखकाचं नाव नाही, नुसतं 'काठावरचा'. लिहिलं होतं, 'एका उमेदवाराबद्दल शहरात जे बोललं जातंय त्यावर आमचा विश्वास नाही. प्राण्यांचे एक डॉक्टर जुन्या काळी गुप्त पोलिसांच्या कचेरीत कशासाठी जात-येत होते हे विचारायचा आम्हाला काय अधिकार? आम्ही आरोप करत नाही. आम्ही फक्त म्हणतो, मतदाराला प्रश्न पडू शकतो.'

इथे परक्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे चोर म्हटलं तर माणूस हसून सोडून देतो, कारण कोण चोर नाही? पण एजंट म्हणजे शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून त्याची घरची दारू, रकिया, पिणारा आणि दुसऱ्या दिवशी त्याने काय म्हटलं ते लिहून देणारा. एकदा हा शब्द चिकटला की घासून निघत नाही.

दादाने ते सदर वाचलं. आणि त्याला न्याय द्यायचा तर, पहिल्या दिवशी त्याने अगदी बरोबर वाचलं. तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या आणि जमलेल्यांना सुनावलं, "'बोललं जातंय'. कोण बोललं? नाव नाही. 'जात-येत होते'. कोणी पाहिलं? कधी? तारीख नाही, कागद नाही, आणि लिहिणाऱ्याने स्वतःचं नावसुद्धा टाकलेलं नाही. हा वारा आहे नुसता. पुढे चला." कोत्से म्हणून आमचा बसचा ड्रायव्हर होता, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "दादा, पेपर तुमच्याच लोकांचा ना?" दादा म्हणाला, "असेना. वारा तो वाराच."

तो दिवस तिथेच संपला असता तर किती बरं झालं असतं.

पण डॉक्टर रांगेलना राहवलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच पेपरात खुलासा छापून आणला. पेपरवाल्यांनी तो टाकला बरोबर पान चारवर, खाली, डाव्या कोपऱ्यात. मी कधीही एजंट नव्हतो, कुणाबद्दल कधी एक ओळ लिहिली नाही, माझ्या मुलीची शपथ. खाली पूर्ण नाव आणि सही.

दादाने तो वाचला. परत वाचला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. शहाऐंशीच्या मे महिन्यात जो चेहरा होता ना, तोच.

"स्तानके," तो म्हणाला, "परवापर्यंत मला वाटत होतं, नाही. आता वाटतंय, होता."

"अहो, पण माणूस शपथ घेऊन सांगतोय."

"म्हणूनच! ज्याला लपवायचं नाही तो पोरीची शपथ कशाला घेईल? सव्वीस वर्षं मी खुलासे तपासलेत बाई. बघ ना कुठे आलाय, कसा आलाय."

भोवती वीसेक माणसं होती. कुणी विचारलं नाही की दादा, पुरावा काल नव्हता तो आज कुठून आला? तुझ्या बिल्ल्याला जे हवं तेच तुझ्या पेन्सिलीला कसं सापडलं? मीही विचारलं नाही. पालेभाजीबद्दल ज्याचं खरं निघालं त्याला काय विचारायचं! दुपारपर्यंत हे अख्ख्या लोममध्ये पसरलं. पेपरात आलंय म्हणून नाही, दादा म्हणाला म्हणून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः टपरीवर आले. टोपी हातात, कपाळावर घाम.

"पर्वन, तू असं म्हणालास?"

"मी वाचलं तसं सांगितलं, डॉक्टर."

"अरे, मला विचारायचं होतंस. तुझ्या कुत्र्याचा पाय मी जोडला, चार रात्री तुझ्याकडे बसलो. मी गप्प बसायला हवं होतं का?"

"गप्प बसला असतात तर मी म्हटलं असतं, खरा माणूस आहे."

कोत्से मागून म्हणाला, "आणि मी म्हटलं असतं, बघा, बोलायला तोंड उरलं नाही!"

सगळे हसले. मी पण हसले. डॉक्टरांनी आमच्यातल्या एकेकाकडे पाहिलं, टोपी घातली आणि गेले. ते हसू आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

निवडणुकीत त्यांना दोनशे सतरा मतं पडली. निळ्यांचा माणूस निवडून आला आणि दोन वर्षांत शहराची विहीरसुद्धा विकून बसला, पण ती गोष्ट वेगळी.

मतदानानंतर थोड्याच दिवसांनी, आठ नोव्हेंबरला, देवदूतांचा सण. रांगेल हे नाव देवदूतावरूनच आलेलं, म्हणून त्या नावाच्या माणसाचा त्या दिवशी नावदिवस, वाढदिवसासारखाच. आमच्याकडे नावदिवसाचं बोलावणं नसतं. घरचं दार उघडं ठेवायचं, टेबल मांडायचं, ज्याला यायचं तो येतो. डॉक्टरांकडे दर वर्षी पन्नास-साठ माणसं व्हायची, खेड्यांतून लोक कोकरू घेऊन यायचे. त्या वर्षी त्यांच्या बायकोने, विदाबाईंनी, नेहमीसारखंच रांधलं. कोबीच्या पानांत सारण गुंडाळलेली सार्मी, चीज भरलेल्या पातळ पोळ्यांची बनित्सा दोन मोठे तवे, भाजलेलं मटण. संध्याकाळपर्यंत दार उघडं होतं. थंडी आत येत होती तरी त्यांनी ते लावलं नाही. एक माणूस आला नाही.

मी त्यांच्या घरापासून तीन घरं सोडून राहते. मी दोनदा कोट चढवला आणि दोनदा काढून ठेवला. कोण बघेल, काय म्हणेल, एवढीच भीती, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विदाबाई ते तवे घेऊन बसस्टँडवर आल्या आणि भटक्या कुत्र्यांपुढे सगळं उपडं केलं. माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही.

मग लोक गाईंना घेऊन पलीकडच्या तालुक्याच्या डॉक्टराकडे जायला लागले. पंधरा किलोमीटर चालत, बरं का. रांगेल डॉक्टर घरातच असायचे. दोन हिवाळे गेले आणि तिसऱ्यात त्यांचं हृदय बंद पडलं. विदाबाईंनी रिवाजाप्रमाणे फोटोसकट निधनाची पत्रकं छापून खांबाखांबावर चिकटवली. बसस्टँडच्या खांबावरच्या पत्रकावर कुणीतरी पेनाने त्यांच्या नावाखाली लिहिलं, एजंट. मी ते थुंकी लावून पुसायला गेले, तर कागदच फाटला.

दादा अंत्ययात्रेला गेला नाही. नंतर मला म्हणाला, "मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण कागद एक दिवस उघडतील." कागद उघडतील याची तो खरंच वाट बघत होता.

आणि कागद उघडले. दोन हजार आठ साल. गुप्त पोलिसांची जुनी दफ्तरं मेलेल्यांच्या वारसांना वाचायला मिळू लागली होती. डॉक्टरांची मुलगी रोसित्सा आईच्या आजारपणामुळे सोफियाहून परत आली होती, बालवाडीत शिकवत होती. तिने अर्ज केला. एका सकाळी ती टपरीवर आली, दादा उभाच होता, त्याच्यापुढे तिने झेरॉक्सचा गठ्ठा ठेवला.

"काका, तुम्ही सगळं वाचता. हे वाचा."

दादाने वाचलं. मी पण त्याच्या खांद्यावरून वाचलं. चौऱ्याहत्तर साली डॉक्टरांना कचेरीत दोनदा बोलावलं होतं. एजंट हो म्हणून दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला. खाली अधिकाऱ्याचा शेरा: सहकार्यास तयार नाही, विश्वास ठेवू नये, नजर ठेवावी. मग बारा वर्षं ठेवलेल्या नजरेचे कागद. तारखा, आकडे, शिक्के, तीन वेगवेगळ्या सह्या. मध्ये त्यांची डोंगरातल्या मेंढ्यांच्या फार्मवर बदली झाली होती, ती का तेही त्यात होतं. 'जात-येत होते' एवढंच काय ते त्या सदरातलं खरं होतं.

दादा खाली बसला, पेपरच्या गठ्ठ्यांवरच. मग म्हणाला, "याला म्हणतात पुरावा." आणि रडायला लागला, लहान पोरासारखा, नाक गळेपर्यंत.

रोसित्सा म्हणाली, "मी तुम्हाला रडवायला आले नाही. तुम्हाला कळावं एवढंच हवं होतं. आता कुणाला काही सांगू नका. लोक विसरलेत. माझी मिलेना इथल्या शाळेत दुसरीत आहे, तिला यातलं काही माहीत नाही. तेवढं राहू दे."

"छे! असं कसं राहू दे? डॉक्टरांचं नाव धुवून निघालं पाहिजे!"

"काका, मी हात जोडते."

पण तो कुठला ऐकतोय! तो थेट 'डॅन्यूबचा आवाज'च्या कचेरीत गेला. मालक दोनदा बदलला होता, संपादक कोवळा पोरगा. दादाने त्याला कागद दाखवले, भांडला, टेबलावर मुठी आपटल्या. त्या पोराने छापलं. चांगल्या मनाने छापलं असेल, पण जागा होती तिथे छापलं: पान चार, खाली. 'डॉ. रांगेल हे गुप्त पोलिसांचे एजंट नव्हते असे उपलब्ध कागदपत्रांवरून दिसते.'

त्या सकाळी गठ्ठा मी सोडला. पान चार मी उघडलं. आता जे सांगते ते मी पाद्रीलासुद्धा सांगितलेलं नाही. कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, शिक्के पाहिले होते. तरी ती ओळ वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं? म्हणजे होताच.

लगेच मी स्वतःला शिवी दिली. पण आलं ते आलं.

बाकीच्यांनी तर शिवीसुद्धा दिली नाही. कोत्से बस तशीच चालू ठेवून खाली उतरला. "दादा, वाचलंत? पान चार, खाली!"

"वाचलं. मीच छापून आणलंय. ते एजंट नव्हते."

"अहो, नव्हते तर नऊ वर्षांनी कोण खुलासा करतं? पोरीने पैसे चारले असणार. तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत!"

"गाढवा, कागद आहेत! मी पाहिलेत!"

"कागद काय, ते पण गुप्त पोलिसांचेच," कोत्से म्हणाला, आणि भोवतीच्या लोकांनी माना हलवल्या. दादा ओरडत राहिला. तो जेवढा ओरडला तेवढे ते शहाण्यासारखे एकमेकांकडे बघून हसले. बिचारा दादा, असं म्हणून ते बसमध्ये चढले.

मग त्याने नको तेच केलं. त्या कागदांच्या दीडशे झेरॉक्स काढल्या आणि इतरांच्या निधनाच्या पत्रकांशेजारी खांबाखांबावर चिकटवल्या. वर स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डॉक्टर रांगेल एजंट नव्हते.' शाळेच्या फाटकावरही दोन लावल्या.

दुपारी रोसित्सा आली. काखेत फाडलेल्या कागदांचा भारा, नखं मोडलेली. दादा माझ्याच टपरीशी डिंकाचा डबा घेऊन उभा होता. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका, मिलेना आज शाळेतून रडत आली. मला विचारते, आई, एजंट म्हणजे काय? आजोबा कुणाला पकडून द्यायचे?" ती भारा माझ्या फळीवर टाकून म्हणाली, "काल हे चार म्हाताऱ्यांना आठवत होतं. आज शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. तुम्ही माझ्या बाबांना दोनदा मारलंत."

आठवड्याभरात तिने घर विकायला काढलं, आईला आणि मुलीला घेऊन सोफियाला गेली. विदाबाई जाताना डॉक्टरांच्या थडग्यावरचा फोटो काढून घेऊन गेल्या.

त्या दिवसानंतरही दादा सकाळी यायचा, पण वाचायचा नाही. नुसता उभा राहायचा. कुणी त्याला विचारायचंही बंद केलं होतं. कोत्से लांबूनच हॉर्न वाजवून जायचा. एके दिवशी स्टँडवर कुणी नव्हतं. दादा माझ्या खिडकीशी वाकून म्हणाला, "स्तानके, तू ते कागद पाहिलेस. लोकांचं सोड. तू एकटी अशी आहेस की जिने सगळं पाहिलंय. त्या सकाळी पान चार वाचल्यावर तुला तरी तसं वाटलं नाही ना?"

त्याचे डोळे पाण्याने भरले होते. मला त्याची दया आली. त्याला एक तरी माणूस हवा होता, एवढंच.

"मला? छे हो दादा!" मी म्हटलं. "मला कशाला असं वाटेल? मी डोळ्यांनी पाहिलं ना सगळं! क्षणभरसुद्धा नाही. शप्पथ, माझ्या पोरीची शप्पथ!"

तो माझ्याकडे बघत राहिला. सव्वीस वर्षं खुलासे तपासलेला माणूस तो.

"बरं, स्तानके," तो म्हणाला, आणि पेपर न घेताच घरी गेला.